हाकेआधी धावणारी माणसे

वाचकहो, गावात कुणाच्या घरी मयत झाली तर आपण जातो. खांदा देतो, तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातो, दहाव्याला नदीवर हजर राहतो, तेराव्याला पंगतीला बसतो. कुणी बोट दाखवू नये इतके आपण नक्कीच करतो. पण चौदाव्या दिवशी त्या घरात काय चालले आहे, हे कितीजणांना ठाऊक असते? पाहुणे आपापल्या गावी गेलेले असतात. धनी गेलेला असतो, पण गोठ्यातली म्हैस वेळ झाली की पान्हावतेच. पेरणी आठ दिवसांवर आलेली असते आणि बियाण्याचे पैसे कुठून आणायचे, हे त्या माउलीला कुणाजवळ बोलता येत नाही. मागायची लाज वाटते आणि मागितल्याशिवाय कुणी विचारत नाही.

कर्तव्य संपते त्या ठिकाणी खरी गरज सुरू होते, ती अशी. आज ज्या लोकांची ओळख आम्ही करून देणार आहोत, त्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आणि त्यावर आपली सगळी राहणी बेतली. ते राहतात सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत. त्यांचा धर्म ख्रिस्ती, भाषा जर्मन वळणाची. पण ते मूळचे शेतकरी आहेत, घोड्या-खेचरांनी नांगरतात, गाई राखतात, एका घरात तीन पिढ्या नांदतात. त्यामुळे त्यांची गोष्ट तुम्हाला मुळीच परकी वाटणार नाही.

आमिश म्हणजे कोण?

या लोकांना आमिश म्हणतात. त्यांचे मूळ युरोपात, स्वित्झर्लंड आणि त्याच्या आसपासच्या मुलखात. १५२५ साली झुरिक शहरात काही ख्रिस्ती लोकांनी असे ठरवले की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही. माणसाने जाणत्या वयात, स्वतःच्या मनाने तो घ्यावा. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, हेही त्यांचे नियम. त्या काळच्या राजसत्तेला आणि धर्मसत्तेला हे मानवले नाही. कितीतरी जणांना नदीत बुडवून आणि जाळून मारण्यात आले. उरलेले डोंगरात, आडरानात जाऊन शेती करू लागले. ज्याला सरकारचा आधार नाही, त्याला शेजाऱ्याचाच आधार. तिथूनच ही सवय त्यांच्या हाडीमांसी खिळली.

पुढे १६९३ च्या सुमारास याकोब आमान नावाच्या पुढाऱ्यामागे यातला एक गट वेगळा झाला. ते आमिश. मूळ गटातले बाकीचे लोक मेनोनाइट या नावाने ओळखले जातात. अठराव्या शतकात आमिश लोक जहाजांतून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात आले. आज युरोपात त्यांची एकही वस्ती उरलेली नाही. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र ते २०२४ च्या अंदाजानुसार सुमारे चार लाख आहेत. बहुतेक आमिश घरांत तारेवरून येणारी वीज नाही, मोटार नाही. बग्गीला घोडा जुंपायचा आणि बाजाराला जायचे. हे दारिद्र्यामुळे नव्हे. मोटार आली की माणूस लांब जातो आणि शेजार तुटतो, असा त्यांचा हिशेब आहे.

देऊळ नाही, पण चाळीस घरे आहेत

आमिश लोकांना चर्चची इमारत नसते. त्यांच्या भाषेत चर्च म्हणजे माणसे. एका मंडळीत साधारण पंचवीस ते चाळीस घरे असतात. त्याहून वाढली की मंडळीचे दोन भाग करतात. घोडागाडीने सहज जाता येईल आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव, गाव, गाय-वासरू माहीत असेल, एवढीच मंडळी मोठी होऊ द्यायची.

दर दोन आठवड्यांनी रविवारी उपासना भरते, ती पाळीपाळीने कुणा एकाच्या घरी. बसायची लाकडी बाके एका खास गाडीत भरून या घरून त्या घरी नेली जातात. उपासना झाली की सगळ्यांचे जेवण तिथेच. म्हणजे साधारण वर्षा-दीड वर्षातून एकदा सगळी मंडळी तुमच्या घरी येऊन जाते. तुमच्या अंगणात, स्वयंपाकघरात, गोठ्यात वावरते. छप्पर गळते आहे, म्हातारीला उठवत नाही, वैरण संपत आली आहे, हे सांगावे लागत नाही. ते दिसते.

मंडळीचे पुढारी कुणी पगारी पाद्री नसतात. मंडळीतून नावे सुचवली जातात आणि मग चिठ्ठी निघते. ज्या गीतपुस्तकात चिठ्ठी सापडेल, तो त्या दिवसापासून जन्मभराचा सेवक. त्यांतला एक डीकन असतो. जुन्या नावाप्रमाणे तो ‘गरिबांचा सेवक’. कुणाच्या घरी दवाखान्याचे बिल थकले, कुणा विधवेची चूल अडली, हे पाहणे त्याचे काम. वर्षातून दोनदा प्रभुभोजनाच्या वेळी दान गोळा होते, ते त्याच्या हाती असते. त्यातून कुणाला किती दिले, याचा बोभाटा होत नाही.

पण वाचकहो, हे झाले नेमाचे कर्तव्य. दान दिले, सुटलो, असे आमिश मानत नाहीत. त्यांची खरी ओळख त्याच्या पुढे आहे.

एका दिवसात उभे राहिलेले बार्न

आमिश शेतकऱ्याचे सर्वस्व म्हणजे त्याचे बार्न. खाली गोठा, वर वैरणीचा माळा, बाजूला दाण्याचे कोठार, सगळे एकाच मोठ्या लाकडी छपराखाली. त्याला आग लागली तर गुरे, वैरण आणि वर्षाची कमाई एका रात्रीत जाते. आग लागते ती कधी वीज पडून, तर कधी ओलसर वैरण तशीच रचल्यामुळे. ओल्या गंजीच्या पोटात ऊब धरते आणि ती आपोआप पेटते, हे आपल्याकडच्या जाणत्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे.

बहुतेक आमिश बाजारातल्या कंपनीचा विमा घेत नाहीत. मग काय करतात? आग विझते न विझते तोच शेजारी फावडी घेऊन हजर होतात. राखरांगोळी उपसतात, उरलेली जनावरे आपल्या गोठ्यात नेऊन बांधतात, त्यांचे दूध काढतात. मंडळीतला एखादा जाणता सुतार नव्या बार्नचा आराखडा करतो. लाकूड येते, पाया तयार होतो. मग एक दिवस ठरतो आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर बग्ग्यांची रांग लागते. शे-दोनशे, कधी त्याहूनही अधिक पुरुष जमतात. जमिनीवर जुळवलेले सांगाडे लांब बांबूसारख्या टोकदार काठ्यांनी रेटून उभे करतात. पोरे खिळे पुरवतात, म्हातारे फळ्या मोजतात. बायका भट्ट्यांवर सगळ्या लोकांचा स्वयंपाक करतात. दुपारच्या जेवणापर्यंत सांगाडा उभा राहतो आणि दिवस मावळता मावळता छपराचे काम सरत आलेले असते. मजुरी कुणी मागत नाही. लाकूड-लोखंडाच्या खर्चासाठी मंडळ्यांची आपसातली योजना असते. ज्याच्याकडे जेवढी मालमत्ता, त्या मानाने त्याने वाटा उचलायचा.

१९९२ च्या मार्च महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या ‘बिग व्हॅली’ नावाच्या खोऱ्यात कुणा माथेफिरूने एकाच रात्री आमिश शेतकऱ्यांच्या बार्नना आगी लावल्या. सहा बार्न भस्म झाली. दावणीला बांधलेल्या कितीतरी गाई-घोड्यांना बाहेर काढता आले नाही. ज्याने डोळ्यांदेखत आपले जनावर जळताना पाहिले आहे, त्यालाच ते दुःख कळेल. पण त्या खोऱ्यात दूरदूरच्या वस्त्यांवरून माणसे आली. त्यांत आमिश होते, मेनोनाइट होते, कुठल्याच पंथाचे नसलेले शेजारीही होते. काही आठवड्यांतच तिथे नवी बार्न उभी राहिली.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे वाचून इर्जिक आठवेल. ज्याचे काम अडले, त्याच्या रानात सगळ्या गावाची औते जात आणि त्याने त्या दिवशी जेवू घालावे, एवढीच अपेक्षा असे. सावडीत आपण आज केलेल्या कामाची परतफेड उद्या होते. इर्जिकीत तो हिशेब नसे. आमिशांचे हे काम इर्जिकीच्या जातीचे आहे.

पेन्शन नको म्हणणारा शेतकरी

आता एक अशी गोष्ट सांगतो की ऐकणाऱ्याला नवल वाटेल. सरकारने म्हातारपणाची पेन्शन देऊ केली आणि हे लोक ती नको म्हणून भांडले!

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नावाची योजना आहे. कमावत्या वयात कर भरायचा आणि म्हातारपणी सरकारने दरमहा पैसे द्यायचे. १९५५ पासून ही योजना शेतकऱ्यांनाही लागू झाली. आमिशांनी कर भरायला नकार दिला. ते बाकीचे कर भरतात. प्राप्तिकर भरतात, जमिनीचा कर भरतात, ज्या सरकारी शाळांत त्यांची बरीच मुले जात नाहीत त्या शाळांचाही कर भरतात. पण आई-बापांना, विधवांना, आजाऱ्यांना सांभाळणे हे घरच्यांचे आणि मंडळीचे काम, ते पैसे देऊन सरकारवर ढकलणे म्हणजे आपला धर्म सोडणे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९६१ च्या वसंत ऋतूत व्हॅलेंटाइन बायलर नावाचा एक आमिश शेतकरी पेनसिल्व्हेनियात आपल्या शेतात नांगरत होता. करवसुलीचे अधिकारी थेट रानात आले. त्यांनी त्याचे तीन घोडे जप्त केले आणि लिलावात विकून कर वसूल केला. ऐन नांगरटीच्या दिवसांत शेतकऱ्याचे घोडे सोडून नेले, ही बातमी वर्तमानपत्रांतून सगळ्या देशभर पसरली आणि लोक हळहळले.

शेवटी १९६५ साली कायद्यात बदल झाला. ज्या पंथाची अशी जुनी श्रद्धा आहे, त्याच्या लोकांना करातून सूट मिळाली. मात्र पेन्शनवरही त्यांनी पाणी सोडायचे. शिवाय कायद्यात आणखी एक अट आहे, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. तो पंथ आपल्या परावलंबी माणसांची सोय खरोखर करत असला पाहिजे. म्हणजे ‘आमची माणसे आम्ही सांभाळू’ हा नुसता बोलण्याचा शब्द राहिला नाही; सूट टिकवायची तर तो पाळलाच पाहिजे.

तो ते पाळतात. म्हातारपण आले की आई-वडील मोठे घर मुलाला देतात आणि त्याच घराला जोडून बांधलेल्या लहान घरात राहायला जातात. चूल वेगळी, अंगण एक. नातवंडे दिवसभर ये-जा करतात. आजोबा जमेल तितके शेतात हात लावतात. आपण अडगळ झालो, असे म्हणायची पाळी त्यांच्यावर सहसा येत नाही.

मयतीनंतरचे वर्ष

सुरुवातीला चौदाव्या दिवसाबद्दल बोललो. आमिशांच्या घरी मृत्यू झाला की शेजारी ताबडतोब घराचा ताबाच घेतात म्हणा ना! घरच्यांनी कशालाही हात लावायचा नाही. दूध शेजारी काढतात, गुरांचे शेण-पाणी शेजारी बघतात, स्वयंपाक शेजारणी करतात. खड्डा शेजारीच हाताने खणतात. घरच्यांनी फक्त आपल्या माणसाजवळ बसायचे आणि भेटायला येणाऱ्यांशी बोलायचे. अंत्यविधी बहुधा तिसऱ्या दिवशी होतो.

इथवर आपल्याकडेही पुष्कळसे असेच होते. पुढचे मात्र वेगळे आहे. अंत्यविधीनंतर जवळजवळ वर्षभर, विशेषतः रविवारी दुपारी, मंडळीतली माणसे त्या घरी भेटायला येत राहतात. विशेष काही बोलतात असेही नाही. पिकाचे बोलतात, पावसाचे बोलतात, गेलेल्या माणसाची एखादी आठवण काढतात. घरातली बाई वर्षभर काळे वस्त्र घालते, ते पाहून अनोळखी आमिशालाही कळते की हिचे दुःख अजून ताजे आहे, हिच्याशी जपून बोलले पाहिजे. दुःख तेरा दिवसांत आटोपत नाही, हे त्या समाजाने मान्य केले आहे.

पत्रांचे रिंगण

तुमच्या हातात आहे तशीच एक वृत्तपत्रिका आमिशांच्या घरोघरी जाते. तिचे नाव ‘द बजेट’. ओहायो प्रांतातल्या शुगरक्रीक गावातून ती १८९० पासून निघते. तिच्यात मंत्र्यांची भाषणे नसतात. गावोगावचे वार्ताहर पत्रे लिहितात: पाऊस किती झाला, कुणाकडे उपासना झाली, कुणाला बाळ झाले, कोण शिडीवरून पडून जायबंदी झाले. हे वार्ताहर म्हणजे शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायकाच.

या पत्रिकेत ‘शॉवर’ नावाची एक लहानशी सूचना येते. शॉवर म्हणजे सर. अमका मुलगा तीन महिने खाटेवर आहे, त्याच्यासाठी पत्रांची सर येऊ द्या, असा तिचा मजकूर. मग कधी न पाहिलेल्या वस्त्यांतून त्या पोराच्या नावाने टपालाचा ढीग येऊन पडतो. कधी सूचना पैशांच्या सरीची असते. दवाखान्याचे बिल मोठे आहे, ज्याला जे जमेल ते त्याने पाकिटात घालून पाठवावे. कुणी थोडे पाठवतो, कुणी जास्त.

आणखी एक रीत आहे ती रिंगणपत्रांची. समजा, दहा गावांतल्या दहा बाया अशा आहेत की ज्यांचा धनी ऐन उमेदीत गेला. पहिली पत्र लिहून दुसरीला धाडते, दुसरी आपले पत्र त्यात घालून तिसरीला. असे करत पुडके दहाही जणींकडून फिरून पहिलीकडे परत येते. मग ती आपले जुने पत्र काढून घेते, नवे घालते आणि पुडके पुन्हा निघते. वर्षानुवर्षे ही पाकिटे फिरत राहतात. अपंग मुलांच्या आयांची अशी रिंगणे आहेत, एकाच आजाराच्या रोग्यांचीही आहेत. जिचे जळते तिलाच कळते, हे खरे. पण ज्यांचे जळले आहे त्या एकमेकींना सापडल्या पाहिजेत ना!

शेतात उभा राहिलेला दवाखाना

आमिशांचे पूर्वज मोजकेच होते आणि लग्ने आपसातच होतात. त्यामुळे काही आनुवंशिक आजार त्यांच्या मुलांत जास्त आढळतात. धडधाकट दिसणारे बाळ साध्या तापाचे निमित्त होऊन कायमचे लुळे पडे. आई-बाप देवाची इच्छा म्हणून सोसत.

१९८८ साली फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात डॉ. होम्स मॉर्टन यांच्याकडे एका आमिश मुलाच्या लघवीचा नमुना तपासायला आला. मुलाला ग्लुटारिक ॲसिडुरिया नावाचा आजार आहे, हे त्यांनी ओळखले. मग ते त्या घरी गेले. तिथे त्यांना तशीच आणखी मुले असल्याचे कळले. ते घरोघर फिरू लागले. जन्मतःच आजार ओळखला, आहार सांभाळला आणि तापात लगेच उपचार केले तर यातली पुष्कळ मुले वाचू शकतात, हे त्यांच्या ध्यानी आले. मोठ्या रुग्णालयातली वाट सोडून त्यांनी १९८९ मध्ये लँकेस्टर जिल्ह्यात या मुलांसाठी दवाखाना काढायचे ठरवले.

ज्याची नातवंडे आजारी होती, अशा एका आमिश शेतकऱ्याने आपल्या शेतातली जमीन दिली. आमिश आणि मेनोनाइट सुतारांनी बार्न बांधतात तशीच, लाकडी खांब-तुळयांची इमारत उभी केली. त्या दवाखान्याच्या खर्चाचा मोठा भाग आजही दरवर्षीच्या लिलावांतून येतो. बायका हिवाळाभर बसून गोधड्या शिवतात, पुरुष लाकडी सामान करतात, आणि ते सगळे लिलावात विकून पैसा दवाखान्याला देतात. ज्याच्या घरी आजारी मूल नाही, तोही गोधडीला बोली लावतो. ‘माझ्या घरी नाही ना, मग मला काय’ असे तिथे कुणी म्हणत नाही.

कुंपणापलीकडची कसोटी

आपल्या माणसाला सांभाळणे एक वेळ सोपे. ज्याने आपला घात केला, त्याच्या घरच्यांना कोण सांभाळतो?

२ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर जिल्ह्यातल्या निकेल माइन्स या वस्तीत, एका खोलीच्या आमिश शाळेत एक बंदूकधारी शिरला. त्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. त्याने स्वतःलाही संपवले. तो कुणी परका नव्हता. आमिश शेतकऱ्यांच्या दारी येऊन दूध नेणारा टँकरचालक होता.

त्या दिवशी मंडळीने पाच घरांतले दुःख उचललेच. पण काही आमिश माणसे त्याच संध्याकाळी आणखी एका घरी गेली. मारेकऱ्याच्या बायकोला आणि आई-बापांना भेटून ती म्हणाली की तुमच्याबद्दल आमच्या मनात राग नाही. पुढे त्याच्या दफनाला जी माणसे जमली, त्यांत जवळजवळ निम्मे आमिश होते. जगभरातून मदतीचे पैसे आले, तेव्हा त्यातला वाटा त्या विधवेला आणि तिच्या लेकरांनाही दिला गेला. जुनी शाळा पाडून टाकली आणि जवळच नवी बांधली. २००७ च्या एप्रिलमध्ये मुले तिथे शिकू लागली.

त्या मारेकऱ्याच्या आईने पुढे काय केले, तेही सांगितले पाहिजे. वाचलेल्या मुलींपैकी एक कायमची परावलंबी झाली होती. ही आई पुढे वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदा त्या मुलीच्या घरी जाऊ लागली. तिला आंघोळ घाली, तिच्याजवळ बसून वाचून दाखवी, गाणी म्हणे. मुलीच्या आई-बापांनी तिला आपल्या घरात येऊ दिले. ज्या मुलींचे जीव गेले, त्यांच्या घरची रात्र त्यामुळे सरली असे नव्हे. क्षमा एकदा करून संपत नाही, रोज सकाळी नव्याने करावी लागते, असे आमिश सांगतात.

दुसरी बाजूही आहे

वाचकहो, हे वाचून कुणाला वाटेल की हे लोक म्हणजे देवमाणसे. तसे समजू नका. जिथे सगळ्यांचा आधार असतो, तिथे सगळ्यांची नजरही असते. बाप्तिस्मा घेतल्यावर जो मंडळी सोडतो किंवा नियम मोडून हट्ट धरतो, त्याच्याशी व्यवहार तोडला जातो. एका पंगतीला बसू देत नाहीत, मग तो पोटचा मुलगा का असेना. मुलांचे शिक्षण आठवीपर्यंतच. घरातल्या अत्याचाराच्या तक्रारी बाहेर न जाऊ देता आपसात मिटवल्या आणि त्यात मुली-बायकांवर अन्याय झाला, अशीही प्रकरणे न्यायालयात गेली आहेत. मदतीच्या नावाखाली तोंड बंद करणे ही मदत नव्हे, मग ते कुणीही करो.

शिवाय काळही त्यांना सोडत नाही. जमिनीचे भाव इतके चढले की पुष्कळ तरुण शेती सोडून सुतारकीत आणि कारखानदारीत शिरले आहेत. दवाखान्याची बिले एका मंडळीच्या दानातून भागत नाहीत. म्हणून त्यांनी अनेक मंडळ्या मिळून निधी उभारले, रोख पैसे देतो म्हणून रुग्णालयांशी बोलून दर कमी करून घेतले. म्हणजे जुनी रीत तशीच्या तशी धरून न बसता तिचे मर्म धरून ठेवले.

आपल्याला काय घेता येईल?

त्यांची बग्गी आणि काळे कपडे आपल्याला नकोत. पण पुढच्या चार गोष्टी कुठल्याही गावात, कुठल्याही धर्माच्या माणसांना करता येतील.

१) वस्ती लहान धरा. सगळ्या गावाचे दुःख एकाला पेलणार नाही. आपल्या आळीतली, वाडीतली पंधरा-वीस घरे आपली माना. कुणाच्या घरी काय अडले आहे, यावर लक्ष ठेवायचे काम एका जाणत्या माणसाकडे आणि एका जाणत्या बाईकडे द्या. बाईकडे द्यायला विसरू नका; चुलीपाशी बोलले जाते ते चावडीवर बोलले जात नाही.

२) ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य बोलून मोकळे होऊ नका. अडलेला माणूस सांगत नाही. त्यापेक्षा ‘उद्या सकाळी मी औत घेऊन येतो’, ‘आठ दिवस तुमचे दूध डेअरीला मी घालतो’, ‘पोरांच्या डब्याचे मी बघते’ असे ठरवूनच सांगा.

३) तेराव्यानंतरचे दिवस वाटून घ्या. पहिला महिना, पहिली पेरणी, पहिला सण, वर्षश्राद्ध, या चार वेळी त्या घरी कुणी ना कुणी गेलेच पाहिजे. हातात काही नसले तरी चालेल. घटकाभर बसा.

४) दिलेल्याचा बोभाटा करू नका. ज्याला दिले त्याला उद्या पारावर ताठ मानेने बसता आले पाहिजे. मदतीचा फोटो निघाला की घेणाऱ्याची मान खाली जाते.

यातले काहीही फार खर्चाचे नाही. हे लेखन वाचून बाजूला ठेवण्यापूर्वी एवढे करा: गेल्या वर्षात आपल्या आळीत ज्या घरी मयत झाली, ज्या घरी कुणी अंथरुणाला खिळले, ज्या घरची विहीर आटली किंवा बैल गेला, ती घरे बोटांवर मोजा. त्यांतल्या एका तरी घरी या आठवड्यात जाऊन या. त्यांनी बोलावण्याची वाट पाहू नका.